मुक्कामी लायका

आमच्या कॉलनीत एखाद्या सकाळी दात घासताना शेजारच्या गच्चीवरून घोषणा ऐकू येते, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. अमेरिकेहून सुटलेला हॅम नावाचा चिंपांझी आत्ताच सुखरूप डेपोला दाखल झालेला आहे." नवीन माणूस दचकतो. आम्ही निवांत चूळ भरतो. भागातात्यांना टपालानं नवं तिकीट आलं, एवढाच त्याचा अर्थ.

भागातात्या म्हणजे आमचे शेजारी भागवतराव. श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी फलाटाला लागली, कुठली सुटली, कुठली अजून यायची आहे, हे केबिनमध्ये बसून भोंग्यावर सांगणं हे त्यांचं काम. रिटायर झाले तेव्हा भोंगा स्टँडवर राहिला आणि आवाज घरी आला. त्यांना पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद आहे, पण फक्त अंतराळात गेलेल्या जनावरांची. पुढारी नकोत, किल्ले नकोत, फुलं नकोत. कुत्री, माकडं, फ्रान्सची एक मांजर, चंद्राला वळसा घालून आलेली कासवं, एवढीच मंडळी त्यांना चालतात.

मी एकदा त्यांना एका मोठ्या पुढाऱ्याचं तिकीट देऊ केलं, तर परत करत म्हणाले, "ह्याला कशाला ठिवू? ह्यो कुठं गेल्ता?"

माझं मेडिकलचं दुकान आहे, म्हणून तात्या मला 'डॉक्टर' म्हणतात. मी कधी हरकत घेतली नाही. कुठलंही नवं तिकीट आलं की ते आधी माझ्या काउंटरवर येतं. खोकल्याचं औषध मागणारं गिऱ्हाईक ताटकळतं आणि तात्या भिंगातून मंगोलिया दाखवत बसतात. ज्या देशांनी आभाळात साधा फटाका सोडला नाही, त्यांनीसुद्धा या प्राण्यांची तिकिटं काढली आहेत आणि तात्यांना त्याचं फार कौतुक. "शेजाऱ्याच्या लेकराचं बी कौतुक करावं मान्सानं," म्हणतात. बेल्का आणि स्ट्रेल्का या दोन रशियन कुत्र्या धडधाकट परत आल्या होत्या. पुढे त्यातल्या स्ट्रेल्काला पिल्लं झाली, हे तात्यांना कुठंतरी वाचायला मिळालं, त्या दिवशी त्यांनी कॉलनीत पेढे वाटले. ती पिल्लं होऊन साठेक वर्षं झाली होती, पण पेढे ताजे होते.

तात्यांना एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. गेलेलं परत आलं का? कोथिंबीर आणायला निघाले तरी दारातून सांगतात, "सुटलो." कोपरगावहून आलेला पाहुणा घरी पोचल्याचा फोन करत नाही तोवर जेवायला बसत नाहीत. त्यांच्या आल्बमचेही त्यामुळे दोनच भाग आहेत. पहिला 'परत आलेले'. दुसऱ्या भागात एकच पान, त्या पानावर एकच तिकीट आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेलं 'मुक्कामी'.

आता मुक्कामी गाडी आमच्याकडे सगळ्यांना माहीत असते. संध्याकाळी आडगावाला जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच देवळात पथारी टाकतात आणि सकाळी कॉलेजची पोरं आणि दुधाच्या किटल्या घेऊन ती परत येते. तिची वाट बघायची असते, काळजी करायची नसते. त्या पानावरचं तिकीट रुमानियाचं आहे आणि त्यावर लायका आहे. पृथ्वीला फेऱ्या मारणारी पहिली कुत्री. तात्या तरुण असताना मिशनच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी त्यांना ते दिलं आणि तिथूनच हा सगळा नाद लागला.

लायका परत आली नाही. येणारच नव्हती, तिला उतरवायची सोयच केलेली नव्हती. हे मला माहीत, तात्यांना माहीत. फक्त काकींना माहीत नव्हतं.

काकी म्हणजे तात्यांच्या पत्नी, पारूकाकी. फार हळव्या. मालिकेत कुणी आजारी पडलं तरी यांचं पोळ्यांवरचं लक्ष उडतं. लग्नानंतर तात्यांनी त्यांना ते तिकीट दाखवलं, तेव्हा काकींनी विचारलं, "मंग पुढं काय झालं तिचं?" तात्यांच्या तोंडून निघून गेलं, "मुक्कामी हाय." त्यानंतर ते बदलायचं धाडस त्यांना झालं नाही. मला एकदा दुकानात हळूच म्हणाले, "डॉक्टर, तिला कळलं तर अन्न सोडंल ती. तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका."

झालं, सगळी कॉलनी कामाला लागली. पेपरात अंतराळाचं काही आलं की ते पान आधी तात्यांकडं जायचं. चांद्रयान उतरलं त्या दिवशी त्यांच्याकडं टीव्हीसमोर सगळे जमलो होतो आणि तात्या रिमोट छातीशी धरून बसले होते, न जाणो बातमी देणारीला मध्येच कुत्री आठवायची. एकदा कोपऱ्यावरच्या घरातली कॉलेजची मुलगी काकींसमोर "लायका तर बिचारी..." म्हणाली आणि मी हातातला कप मुद्दाम सोडला. काकींच्या चांगल्या सेटातला होता, तरी त्या रागावल्या नाहीत. मला त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक वाटलं.

रोज दिवेलागणीला काकी स्वयंपाकघरातून विचारतात, "आली का वं ती?" तात्या उठतात, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघतात आणि सांगतात, "अजून न्हाई. रस्ता मोकळा हाय, पन लांबचा रूट हाय."

गेल्या हिवाळ्यात नगरला तिकिटांचं प्रदर्शन भरलं. जिल्ह्याचं नाव बदललं, स्टँडवरच्या पाट्या बदलल्या, पण आम्ही अजून नगरच म्हणतो. तात्यांना या प्रदर्शनात एकदा तरी पहिला नंबर हवा होता. आधी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा हात हलवत परत आले होते. या वेळी महिनाभर पानं पुसत होते. कपडे इस्त्रीचे, मिशीला तेल, बरोबर काकी, आणि पिशव्या उचलायला मी.

परीक्षक पुण्याहून आले होते. त्यांनी सगळा आल्बम सावकाश पाहिला, मांजरीपाशी थांबून मान डोलावली. शेवटच्या पानावर मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"संग्रह अप्रतिम आहे," ते म्हणाले, "पण हे 'मुक्कामी' काय? ही कुत्री वारली ना तिथेच. एवढं शीर्षक खोडून नीट लिहा, पहिला क्रमांक तुम्हालाच देतो."

काकी शेजारच्या टेबलावर फुलपाखरांची तिकिटं बघत पाठमोऱ्या उभ्या होत्या. तात्यांनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग परीक्षकांकडं.

"साहेब, जरा हळू बोला," तात्या म्हणाले. "हाय ते बराबर हाय."

"अहो, पण माहिती चुकीची आहे. अशी मला पासच करता येणार नाही."

परीक्षकांनी पेन पुढं केलं होतं. तात्यांनी एकदा त्या पेनाकडं पाहिलं. मग त्यांनी आल्बम मिटला आणि बगलेत मारला.

"मंग ऱ्हाऊ द्या नंबर," ते म्हणाले.

परतीच्या गाडीला वेळ होता. नगरच्या स्टँडवर तात्या केबिनमधल्या कंट्रोलरला भेटायला गेले. मी आणि काकी बाकावर बसलो. मला काही सुचेना, म्हणून मी म्हणालो, "यंदा परीक्षक जरा कडकच होते."

"ऐकलं म्या समदं," काकी म्हणाल्या. "ती कुत्री मेली, ते मला लई वर्सांपून ठावं हाय, भाऊ. भाचीनं मोबाईलवर दावलं हुतं. ह्ये दळन आनाय गेल्ते तवा रडून घेतलं."

कप फुटला तेव्हा काकी का रागावल्या नव्हत्या, त्याचा उलगडा मला आत्ता झाला.

"मग रोज विचारता कशाला?"

काकींनी पदरानं चष्मा पुसला. "स्टँडावर दिवसभर मानसं ह्यांनाच इचारायची. नेवाशाची आली का, कोपरगावची लागली का. चा प्यायला उसंत नसायची. रिटायर झाले आन खुर्ची घिऊन दारात बसाय लागले. कुनी येऊन काय इचारंना. जेवन बी तुटलं. मंग एका सांजंला म्याच इचारलं, ती कुत्री आली का वं. तर उठले, घड्याळ बघितलं, आन त्या दिशी दोन भाकरी खाल्ल्या. तवापून इचारती मी."

मला दोघांचा हेवा वाटला आणि खरं सांगायचं तर रडूही आलं.

"आज माझ्यापायी नंबर सोडला त्यांनी," काकी म्हणाल्या. "आता मला ठावं हाय, हे कधीच सांगता यायचं न्हाई. तुमी बी सांगू नका."

तात्या गर्दीतून येताना दिसले, तशी काकींनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर त्यांच्यापुरती जागा केली.