सव्वादोनचं माप

तुळशीराम मिस्त्री महिन्याला डझनभर हिरव्या बांगड्या विकत आणतात आणि त्यांच्या घरात बाईमाणूस नाही, ही माहिती मला साइटवर पहिल्याच दिवशी मिळाली. सांगणाऱ्याने डोळाही मारला. मिस्त्रींचं वय पासष्ट, मिशा पांढऱ्या, गुडघे कामातून गेलेले. या वयात हा माणूस चिखलदऱ्याहून दोन बस बदलून चांदूर बाजारला जातो, कासाराच्या दुकानात "सव्वादोनचं माप, साध्या काचेच्या" म्हणून हटून बसतो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. दुसरं माप फुकट दिलं तरी घेत नाही म्हणे.

मी मूळचा अकोल्याचा. तिकडच्या उन्हात वाळून निघालेला माणूस इथल्या धुक्यात इंजिनियर म्हणून आला, तो एका हॉटेलच्या बांधकामावर. हॉटेलच्या मागे डोंगर, आणि डोंगर अडवून धरणारी एक जुनी दगडी भिंत. दोन पुरुष उंच, चुन्यात बांधलेली, मधोमध फुगलेली. ती पाडायची की डागडुजी करून ठेवायची हे ठरवायला मालकांनी मिस्त्रींना बोलावलं होतं. सही मात्र माझी लागणार होती.

मिस्त्रींची तपासणी पाहण्यासारखी होती. आधी चपला काढायच्या. मग छोट्या हातोडीने एकेका दगडावर टकटक करायचं आणि कान लावायचा. ठणठण वाजला तर "बरी आहे." भद्द वाजला तर "इथं दुखते." फुगवट्यापाशी आले तेव्हा त्यांनी हलक्या हाताने भिंत चाचपली आणि मला म्हणाले, "साहेब, सातवा लागला हिले. आता धक्का लावू नका."

कामावरच्या कोरकू बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो.

बांगड्यांचं कोडंही त्याच दिवशी सुटलं. निदान मला तसं वाटलं. भिंतीला जिथे तडा गेला होता तिथे मिस्त्रींनी बांगडीचा तुकडा आडवा ठेवला आणि दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये पक्की बसवली. भिंत केसभर हलली तरी काच तुटणार, आणि आपल्याला आधी कळणार.

"याला काचेच्या पट्ट्या मिळतात," मी शहाणपणा केला.

"भेटतात ना. पन हे बाई आहे साहेब. बाईले पट्टी काय बांधता?"

"आणि तुकडाच लावायचा तर सव्वादोनच कशाला? कुठलीही फोडा."

"फोडा नका म्हनू जी. वाढवा म्हना." बांगडी फुटली असं आपल्याकडे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, हे मलाही ठाऊक होतं. पण मापाचं उत्तर त्यांनी दिलं नाही. बांगडी वाढवण्याआधी ते ती अख्खी मुठीत धरून थोडा वेळ गप्प उभे राहायचे. मला वाटायचं, काच पारखत असतील.

त्यांचा दुसरा जप म्हणजे पाणी. जुन्या गवंड्यांनी भिंतीत ठिकठिकाणी भोकं ठेवली होती, डोंगरात मुरलेलं पाणी बाहेर निथळायला. मिस्त्री रोज तारेने ती साफ करायचे. "भिंत मरत नाही, साहेब. मारल्या जाते. पान्याले वाट द्या फक्त." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की ते लांबून येताना दिसले तरी मी मनात म्हणून घ्यायचो.

श्रावणात पावसाने मुक्कामच ठोकला. भोकांतून लालसर पाणी गळायचं आणि भिंतीवर ओघळ उमटायचे. मालकांनी अमरावतीहून फोन केला. पाहुण्यांना खिडकीतून असले ओघळ दिसलेले चालणार नाहीत, भोकं बुजवून टाका. मिस्त्री असते तर आडवे पडले असते. पण ते नेमके चांदूर बाजारला गेलेले. मी सिमेंट कालवायला सांगितलं. तासाभरात भिंत कशी आंघोळ केल्यासारखी दिसू लागली. मला तिचं कौतुकही वाटलं, आता लिहायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री आले. बगलेत बांगड्यांचा पुडा. भिंत पाहिली आणि पुडा खाली पडला. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. पण ते एवढंच म्हणाले,

"बायाले उठवा."

भिंतीच्या पायथ्याशी वारा लागत नसे, म्हणून तिथे पत्र्याची शेड होती. अकरा बाया भाकरीची फडकी सोडून नुकत्याच जेवायला बसल्या होत्या.

"पंधरा मिनिटं जेवू द्या मिस्त्री. पावसात कुठे जातील? काच अजून शाबूत आहे."

मिस्त्रींनी माझं मनगट धरलं.

"मीनंच बुजवले होते असे भोकं. एका बंगल्यामागं. मालकीन म्हने, शेवाळ दिसते. मी म्हटलं, माह्या हातची भिंत, काय होते? सुभद्रा माह्याच हाताखाली कामाले होती. माही बायको. त्याच भिंतीखाली बसली होती भाकर खायाले. मी म्हटलं, खाऊ दे, मंग उठवतो. पयला दगड काढला त हात दिसला. सव्वादोनच्या बांगड्या, सहाच्या सहा शाबूत. बाकी काही राह्यलं नव्हतं. मानूस मेला त बाईच्या बांगड्या वाढवतात. बायको मेली त मानसानं काय वाढवावं, सांगा? उठवा बायाले, साहेब."

मी धावलो. भाकरी, गाडगी, शेडमध्ये निजलेली दोन पोरं, जे हाताला लागेल ते उचलून आम्ही सगळ्यांना समोरच्या स्लॅबखाली पिटाळलं. मागून मिस्त्रींची आरोळी आली, "वाढली!"

ते जमेल तसे लंगडत पळत आले. भिंत गडगडली नाही. आधी पोटातून वाकली, मग हुंकारासारखा आवाज झाला आणि दगड, चिखल, पाणी एकदम खाली आलं. शेडचा पत्रा कुठे गेला ते दिसलंही नाही.

"हात वर करा!" मिस्त्री ओरडले. "समद्याइनं! दोन्ही!"

बायांनी भेदरून हात वर केले. मिस्त्री बोट दाखवत मोजू लागले. एकवीस आले. पुन्हा मोजले. पुन्हा एकवीस. "एक हात कोनाचा आहे? दुसरा कुठी आहे?"

एका बाईने पोत्याच्या घोंगत्याखाली पोर धरलं होतं. तिने पोर माझ्याकडे दिलं आणि तो हातही वर केला.

"बावीस," मिस्त्री म्हणाले, आणि तिथेच चिखलात बसून लहान मुलासारखे रडले. मी त्यांच्या शेजारी बसलो. भोकं मी बुजवली होती आणि ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, याचीच मला जास्त लाज वाटली.

पाऊस ओसरल्यावर भिंत नव्याने बांधायला घेतली, तेच दगड वापरून. शेजारी जुन्या भिंतीचा जो भाग उभा राहिला होता, त्यावर काच लावायची होती. मिस्त्रींचे गुडघे सुजले होते, म्हणून चांदूर बाजारला या खेपेला मी गेलो.

कासाराने विचारलं, "माप?"

"सव्वादोन."

"वहिनींसाठी का?"

"नाही," मी म्हटलं, "सुभद्राबाईंसाठी."