बहात्तरच्या मालगाडीतला घास

मूल जेवत नाही म्हणून रडणाऱ्या आयांची मी आता शिकवणीच घेऊ शकते! आधी माझ्या साडेतीन वर्षांच्या ओजसच्या पोटात घास जाणं म्हणजे आमच्या वडवणीत रेल्वे येणं. सगळे म्हणायचे येणार, येत काही नव्हतं. दर महिन्याला अंगणवाडीतला वजनकाटा बघून माझंच वजन घटायचं.

उपाय घरातच निघाला. माझे सासरे, आप्पा, गावच्या शेतकी सोसायटीच्या सचिवपदावरून निवृत्त झालेत. ओसरीत त्यांनी पुठ्ठ्याची मालगाडी मांडलीय. बहात्तरचा दुष्काळ, परळी स्टेशन, धान्य उतरतंय. मी म्हटलं, घास डब्यात ठेवायचा, गाडी आली की ओजसने खायचा.

मी त्याचा स्टीलचा डबा गाडीवर चढवला.

"हे काय हाय?" आप्पा.

"कंटेनर."

"बहात्तरला परळीत कंटेनर? काढा."

"मग दुधाची टाकी जोडू?"

"सूनबाई, जनावरांना चारा नव्हता. दूध कुठलं आणता?"

शेवटी एकच डबा पास झाला. तपकिरी, चारी बाजूंनी बंद. त्यातही वरणभात नामंजूर! तेव्हा रेशनवर मिळायची तसल्या लाल ज्वारीची भाकर, न्हाई तर दुष्काळी कामावर वाटायचे ती सुकडी.

"आप्पा, पण तो जेवायला हवा हो."

"जेवंल की. आमी न्हाई जेवलो?"

आणि ओजस जेवला. ताटली घेऊन, रांगेत उभा राहून. रांगेत तो एकटाच, तरी मागे वळून बघायचा. वजन वाढलं, मी हवेत.

मग अंगणवाडीच्या मालनबाईंनी त्याला विचारलं, "घरी काय खातोस रे?"

"दुष्काळाची भाकर."

"आन् भाजी?"

"उतरलीच न्हाई."

"बाई गं! रोज असंच?"

"आप्पा म्हणतेत, रांगेत उभं ऱ्हा, न्हाई तर संपंल."

संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन मोहनराव दारात. मागे दोघांच्या खांद्यावर गव्हाचं पोतं. त्यांच्यामागे शेजारच्या छबुबाई, पदराखाली लाडवांचा डबा.

"सूनबाई," मोहनरावांचा आवाज भरून आलेला, "आप्पांनी गावाला धान्य वाटलं. त्यांच्याच घरात ही वेळ, आन् आमाला सांगायचं न्हाई?"

"अहो, तसं नाही, ती गाडी..."

"गाडी बी विकली?" छबुबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात आप्पा बाहेर आले. उभ्या जन्मात कुणाचा चहासुद्धा फुकट न घेतलेला माणूस! त्यांनी चष्मा लावला. पोत्याभोवती एक चक्कर मारली. बोटाने चाचपलं.

"मोहनराव, परत न्या."

"कावून आप्पा? परकं समजता का आमाला?"

"पोतं प्लास्टिकचं हाय. बहात्तरला तागाचं होतं."

दुसऱ्या दिवशी मोहनराव तागाचं घेऊन आले, आणि आप्पांनी ते गाडीशेजारी उतरवून घेतलं. खरं काय ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. काय करू, पोरगं त्या गव्हाची पोळी खायला लागलंय.