पूर्वेला उतू गेलेलं दूध

"दूध मी उतू घालवणार! निधी नाही, परीक्षित नाही, मी!"

वृंदाताईंनी हे पुण्यात जाहीर केलं होतं, आणि दिल्लीची गाडी भोपाळला पोचेपर्यंत ते अख्ख्या डब्याला पाठ झालं होतं. पुढे धुक्यामुळे गाडी नऊ तास रखडली, त्यामुळे ज्यांना पहिल्यांदा नीट कळलं नव्हतं त्यांनाही कळलं.

"त्यात काय एवढं अवघड आहे?" त्या समोरच्या बाकावरच्या बाईंना म्हणाल्या. "शेगडी पेटवायची आणि गप्प उभं राहायचं. तेवढंही मला जमायचं नाही होय?"

शेजारी बसलेले राजाभाऊ वर्तमानपत्राच्या आड गेले. पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोला गप्प उभं राहिलेलं त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

पण वृंदाताईंचा हट्ट उगाच नव्हता. मुलगा परीक्षित आणि सून निधी दिल्लीत येऊन आठ वर्षं झाली होती आणि आठ वर्षांत त्यांनी सहा घरं बदलली होती. करोलबाग झालं, लक्ष्मीनगर झालं, फरीदाबाद तर दोनदा झालं! नात तनया पहिलीतच दोन शाळा फिरून आली. आता परदेशी कंपनीत नोकरी लागली आणि पोरानं गुडगावात स्वतःचा फ्लॅट घेतला. सहावा मजला, लिफ्ट, खाली लांबवर मोहरीची शेतं. नव्या घरात दूध उतू गेलं, तेही पूर्वेच्या अंगाला, की माणसं त्या घरात टिकतात, असं वृंदाताईंच्या सासूबाई सांगायच्या. वृंदाताईंना लेकाची ही ट्रंका उचलायची वणवण थांबायला हवी होती. दुसरं काही नको होतं.

गुरुजींनी दिलेला मुहूर्त होता दहा चाळीस ते अकरा पंचवीस. वृंदाताई नऊलाच नवी साडी नेसून तयार! पुण्याहून आणलेली पितळी पातेली त्यांनी शेगडीवर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आणि दूध पूर्वेलाच उतू जावं म्हणून पश्चिमेच्या बाजूनं खाली चमचा सारून पातेली तिरकी केली. स्वयंपाकघराला हॉलच्या बाजूनं भिंतच नव्हती. म्हणे अमेरिकन पद्धत! दारातून आलेल्या माणसाला थेट फोडणी दिसायची.

दहा पंचेचाळीसला दूध वर यायला लागलं. आंघोळीला गेलेले राजाभाऊ सोडून सगळे हात जोडून उभे राहिले. साय फुगली, काठाशी आली, आता सांडणार...

"हाय रब्बा! दूध!"

समोरच्या फ्लॅटमधल्या खुरानाभाभी पराठ्यांचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. ताट परीक्षितच्या हातात कोंबून त्या भरल्या अंगाच्या बाई अशा काही झेपावल्या, की वृंदाताई फ्रिजला चिकटल्या. खट्! शेगडी बंद.

"बच गया जी!" खुरानाभाभी धापा टाकत म्हणाल्या. "सब के सब हाथ जोड़ के खड़े हो! गैस कौन बंद करेगा, भगवान?"

आता काय बोलणार? पराठे गरम होते, बाई प्रेमळ होती. वृंदाताईंनी चक्क त्यांचे आभार मानले! मग निधीनं सगळं समजावून सांगितलं.

"अच्छा, गिराना था?" खुरानाभाभींनी गालाला हात लावला. "लो जी! हमने तो ऐसा कुछ किया ही नहीं था। तभी मन नहीं लगता यहाँ। ना बाज़ार, ना पानी टैम पे। मैं तो होली तक की मेहमान हूँ, फिर वापस राजौरी गार्डन। सामान बाँधना शुरू कर दिया है।"

दहा पंचावन्न. दूध पुन्हा वर चढायला लागलं. खुरानाभाभींना निधीनं सोफ्यावर बसवून त्यांच्या मांडीवर तनयाला दिलं होतं, म्हणजे झेप घ्यायची सोयच नको. सूं सूं आवाज सुरू झाला. राजाभाऊ तेवढ्यात आंघोळ करून बाहेर आले. निवृत्त झाल्यापासून घरातलं एकच काम त्यांच्याकडे होतं, दुधापाशी उभं राहायचं. तो आवाज कानावर पडताच ते टॉवेलवर धावत आले आणि खट्!

"वृंदा! लक्ष कुठंय तुझं? आत्ता गेलं असतं सगळं!"

"अहो, जाऊ द्यायचं होतं! त्यासाठीच आलोय ना सातासमुद्रापार!"

"अरे हो की!" राजाभाऊ म्हणाले आणि टॉवेल सावरत परत बाथरूममध्ये गेले.

वृंदाताईंचा आता पारा चढला. अकरा वाजून गेले होते. त्यांनी सगळ्यांना बाल्कनीत हाकललं आणि बाल्कनीचं दार आतून लावून घेतलं. काचेला सहा वर्षांच्या तनयाचं नाक तेवढं चिकटलेलं राहिलं.

वृंदाताई एकट्या शेगडीसमोर उभ्या राहिल्या. मनातल्या मनात म्हणाल्या, पोराचं बस्तान बसू दे रे देवा. दूध वर आलं. साय थरथरली. एक थेंब काठावर आला...

खट्!

वृंदाताईंनी दचकून मागं पाहिलं. कोणी नव्हतं. मग त्यांनी खाली पाहिलं. बटणावर त्यांचाच हात होता! पस्तीस वर्षं या हातानं दुधाचा एक थेंब वाया जाऊ दिला नव्हता, तो आज कुणाला विचारतोय?

"आजी!" तनया काचेपलीकडून ओरडली. "तूच बंद केलास! मी देखलं!"

"चूप!" वृंदाताईंनी तोंडावर बोट ठेवलं. मग दार उघडून सगळ्यांना गंभीरपणे सांगितलं, "वाऱ्यानं विझली."

अकरा दहा. आता मात्र सगळ्यांसमोर! काडी ओढली, ज्योत भुरभुरली, निळी झाली, आणि खरंच विझली. सिलिंडर संपला!

"दुसरा?" वृंदाताईंनी विचारलं.

"नंबर लावलाय," परीक्षित म्हणाला. "वीस दिवसांनी येईल."

"वीस दिवस! मुहूर्त संपायला पंधरा मिनिटं राहिलीत रे!"

खुरानाभाभी मात्र कंबर कसून उठल्या. "मेरे पास एक भरा हुआ पड़ा है। बेटा, तू उठा ला। और दूध मुझे दो भाभीजी, तब तक मैं अपने यहाँ गरम करती हूँ। यहाँ रखते ही उबल जाएगा। फिकर मत करो, गिरने नहीं दूँगी!"

विचार तर शहाणपणाचा होता. पातेली समोर गेली, सिलिंडर इकडे आला. पण रेग्युलेटर बसेना! परीक्षितनं दाबून पाहिलं, राजाभाऊंनी पिळून पाहिलं, निधीनं वॉशर बदलला. शेवटी पलीकडून खुरानाभाभीच पदर खोचत आल्या, "हटो, हटो, तुम मर्दों से नहीं होगा," आणि सिलिंडरवर जवळजवळ बसल्याच. कट्! बसला एकदाचा! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अकरा वीस!

"आजी," तनया नाक वर करून म्हणाली, "जलायचा वास येतोय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग एकदम सगळेच समोरच्या फ्लॅटकडे पळाले.

खुरानाभाभींची शेगडी पांढरीशुभ्र झाली होती. दूध ओट्यावरून ओघळून खाली बांधून ठेवलेल्या खोक्यांवर टपटपत होतं. राजाभाऊंनी खिडकीतून सूर्याकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "वृंदा, पूर्वेलाच गेलंय गं."

घड्याळात अकरा बावीस!

"माफ करना भाभीजी," खुरानाभाभींचा चेहरा रडवेला झाला. "आपका सारा शगुन मेरे घर गिर गया।"

वृंदाताईंच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोला. पण त्या बाईचा चेहरा बघून त्यांना राहवेना. त्यांनी आपल्या हातानं खुरानाभाभींच्या शेगडीला हळदकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "गिर गया तो गिर गया। आपका भी तो घर है।" मग सगळ्यांनी मिळून पराठे खाल्ले आणि चहा मात्र कोरा प्यायले.

एप्रिलच्या शेवटी निधीचं पत्र पुण्याला आलं. वृंदाताईंनी ते मोठ्यानं वाचायला घेतलं. खुरानाभाभींनी खोकी सोडली, राजौरी गार्डनचा बेत रद्द. समोर बाजार झाला, पाण्याची टाकी बसली, आता त्या इथून हलणार नाहीत म्हणतात. तुम्हाला रोज दुवा देतात. आणि हो, परीक्षितला बढती मिळाली. जूनमध्ये चेन्नईला बदली. कंपनी घर देणार आहे. गुडगावचा फ्लॅट खुरानाभाभींच्या दिराला भाड्यानं दिला.

वृंदाताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"बढती तर मिळाली ना!" राजाभाऊ म्हणाले. "पुढे काय लिहिलंय?"

"काही नाही," वृंदाताईंनी पत्र घाईघाईनं मिटलं.

कारण खाली तनयानं पेन्सिलीनं, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं:

"आजी, चेन्नईला दूध गिरवायला नक्की ये. मी कोणालाच नाही बतावलं. या वेळी मी तुझे दोन्ही हात पकडून ठेवीन."