धुलाई बिघडलेली फिल्म

आमच्या बिल्डिंगमधल्या रंगनाथ अण्णांकडे कुणी काही सांगायला गेलं, की ते आधी हात वर करतात. "थांबा. श्वास घ्या. धरा." समोरचा माणूस धरतो. अण्णा मनात तीन मोजतात आणि मग म्हणतात, "सोडा. आता बोला."

सिलिंडरवाल्यालाही तेच आणि पाण्याच्या टाकीबद्दल भांडायला आलेल्या चेअरमनलाही तेच. एका तेराव्याला एक जावई मोठमोठ्याने रडत होता. अण्णांनी त्याला सांगितलं, "धरा." त्याने धरला. मग सोडला आणि जेवायला बसला. बायकांना तो प्रकार आवडला नाही, पण मला विचाराल तर गुण आला.

अण्णा डॉक्टर नाहीत. एक्स-रे काढणारेही नाहीत. सरकारी दवाखान्याच्या डार्करूममध्ये ते बत्तीस वर्षं फिल्म धुवायला होते. बाहेर पेशंटला उभं करून "श्वास घ्या, धरा" म्हणणारा वेगळा. ते भिंतीपलीकडून ऐकू यायचं, तेच अण्णांच्या तोंडात बसलं. आत लाल दिवा आणि औषधाच्या दोन टाक्या. फिल्म हँगरला अडकवायची, टाकीत बुडवायची, की अंधारातून हळूहळू माणसाच्या बरगड्या वर यायच्या. मग ती ओली फिल्म धरून डॉक्टरकडे जायचं.

त्यामुळे अण्णांच्या लक्षात तोंडं राहत नाहीत, हाडं राहतात. दिंडोरीला एका लग्नात ते एका पाहुण्याच्या गळ्याकडे टक लावून बसले. मला वाटलं, ह्यांची नजर चेनवर आहे. शेवटी उठून गेले आणि म्हणाले, "तुमची डावी हासळी मोडली होती. सायकलवरून पडला होतात तुम्ही."

तो म्हणाला, "स्कूटरवरून."

"तेच ते. जोडली बरी, पण तिरकी जोडली." आणि जिलबी घ्यायला गेले. तो माणूस पुढे आख्खं लग्नभर खांदा चाचपत होता.

आता मी कोण ते सांगतो. भद्रकालीत माझं मटणाचं दुकान होतं, चाळीस वर्षं. शाळा तिसरीपर्यंत, त्यातही दुसरी दोनदा. पण पोटातली कोणतीही वस्तू माझ्या हातात द्या, डोळे झाकून सांगतो. कलेजी, गुर्दा, दिल, वजडी. कलेजी गुळगुळीत आणि जड. गुर्दा घट्ट, चरबीत लपलेला. फोपसं स्पंजासारखं, दाबलं की आत हवा कुरकुरते. हे पुस्तकात नसतं. असलं तरी मी वाचलेलं नाही आणि माझं काही अडलं नाही.

यावरून आमचं गच्चीवर सारखं वाजायचं.

"शेठ, तुम्ही सगळं मेलेलं बघितलंत," अण्णा म्हणायचे. "मी जिवंत बघितलं."

"तुम्ही सावली बघितली, अण्णा. मी हातात धरलं."

"सावली खोटं बोलत नाही."

"कलेजी तर बोलतच नाही."

मग दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी चहाची वेळ झाली की अण्णाच खालून हाक मारायचे. मी नाही मारली कधी. मी का मारू?

अण्णा एकटे राहतात. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सकाळचं ऊन चांगलं येतं, म्हणून बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या फिल्म आधी तिथे जातात. ओट्यासमोर कपडे वाळत घालायची दोरी आहे, तिला चिमट्याने फिल्म लावायची. रस्त्यावरून बघणाऱ्याला खिडकीत तुळशीशेजारी कुणाच्या तरी बरगड्या दिसतात. एक नवीन भाडेकरू त्या बघून सामानाचा टेम्पो परत फिरवत होता.

अण्णांचे निकाल दोनच. एक, "धुलाई छान आहे. जा, जेवा." दुसरा, "धुलाई बिघडली आहे. काही कळत नाही. परत काढा आणि मोठ्या डॉक्टरांना दाखवा." तिसरा निकाल मी ऐकला नाही. मला वाटायचं, हा माणूस दुसऱ्याच्या धुलाईला नावं ठेवतो. स्वतःच्या कामाचा गर्व असतो माणसाला, मलाही आहे. आमच्या दूधवाल्याची धुलाई बिघडली, त्याला टीबी निघाला. सहा महिने गोळ्या खाऊन तो आता दोन्ही हातांत कॅन घेऊन जिना चढतो. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशांची बिघडली, त्यांच्या मूत्रपिंडात खडा निघाला. मी म्हणायचो, दवाखान्यात दोनदा गेलं की काहीतरी निघतंच. त्यासाठीच तो बांधलाय.

मग मला खोकला लागला. दिवाळीत लागला तो संक्रांत आली तरी जाईना. उजव्या कुशीवर झोपलं की कळ यायची. मी म्हणत होतो, धूळ आहे, रस्ते खणलेत सगळीकडे. सुनबाईने ऐकलं नाही. रिक्षात घालून एक्स-रेला नेलं.

तिथे अर्ध्या मिनिटात काम झालं. मी विचारलं, "धुवायला किती वेळ?" काउंटरवरची बाई हसली. "बाबा, आता धूत नाहीत. मशीनमधून कोरडीच निघते." आणि निघाली खरंच, झेरॉक्ससारखी, हाताला कोमट. सुनबाईला लगेच डॉक्टरकडे जायचं होतं. मी सांगितलं, "आधी अण्णा. ते छान म्हणाले तर डॉक्टर रद्द." ती म्हणाली, "आणि नाही म्हणाले तर?" मी म्हणालो, "तेव्हाचं तेव्हा बघू."

अण्णांनी फिल्म दोरीला लावली. उभे राहिले. एरवी त्यांचा निकाल चहा ओतता ओतता यायचा. त्या दिवशी गॅसवर दूध उतू गेलं तरी ते हलले नाहीत. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "धुलाई बिघडली आहे. काही कळत नाही."

"अण्णा," मी म्हणालो, "ही फिल्म धूतच नाहीत. कोरडी निघते."

अण्णांनी चिमटा उगाच काढला, परत लावला. "मग मशीन बिघडलं असेल. उद्या परत काढा, शेठ."

तेव्हा माझ्या डोक्यात दूधवाला आला, जोशी आले. आणि मी स्वतः त्या फिल्मसमोर उभा राहिलो. इतक्या वर्षांच्या भांडणात एवढं शिकलो होतो की हवा काळी दिसते आणि हाड पांढरं. डावीकडचं फोपसं काळंभोर होतं. उजवीकडचं वर काळं आणि खाली पांढुरकं, वाटीभर.

कधी एखादं जनावर आजारी निघतं. त्याच्या फोपशाचा एखादा भाग घट्ट होतो, लाल, जड, अगदी कलेजीसारखा. चांगलं फोपसं पाण्यात तरंगतं, हा तुकडा बुडतो. असा माल मी कधी विकला नाही. फेकून द्यायचो.

"अण्णा, इथे फोपशाची कलेजी झाली आहे."

अण्णांनी चष्मा काढला. "सावलीवरून ओळखलंत तुम्ही," ते म्हणाले. एरवी ही शाबासकी ऐकायला मी पैसे मोजले असते. "उद्या जाऊ आपण. मी येतो."

"मी नाही येत. कापायचं म्हणतील. जन्मभर मी कापलं, आता माझ्यावर सुरी नको."

"शेठ, हट्ट करू नका."

"तुम्हीच म्हणालात ना, काही कळत नाही? मग झालं तर."

अण्णा स्टुलावर बसले. त्यांनी मला श्वास धरायला सांगितला नाही. म्हणाले, "डार्करूममधून डॉक्टरकडे जायच्या वाटेत बाक होता. पेशंट त्यावर बसलेले असायचे. फिल्म त्यांना कळायची नाही, म्हणून ते माझ्या तोंडाकडे बघायचे. मी तोंड सरळ ठेवायला शिकलो. एकदा बाकावर माझी बायको होती, सुमन. तिची फिल्म माझ्याच टाकीत वर आली. तिने विचारलं, कसा आलाय फोटो? मी म्हणालो, धुलाई बिघडली, उद्या परत काढू. ती घरी आली, तिने शेवयांची खीर केली. दोन वाट्या खाल्ल्या. पुढे महिनाभरात तिचं खाणंच गेलं. पण त्या दिवशी दोन वाट्या खाल्ल्या." मग म्हणाले, "तिची खूप उशिरा काढली होती. तुमची वेळेवर काढली आहे. म्हणून म्हणतो, चला."

मी घरी गेलो आणि सुनबाईला माझा इस्त्रीचा सदरा काढून ठेवायला सांगितलं.

मी हे लिहितोय त्यावरून मी आहे हे तुम्हाला कळलंच असेल, उगाच जीव टांगणीला नको. न्यूमोनिया मुरला होता आणि पाणी झालं होतं. सुईने पाणी काढलं, गोळ्या दिल्या. सुरी लागली नाही. पण डॉक्टरांनी आधी सीटी स्कॅन सांगितला, तो सांगायचा राहिला.

ते यंत्र म्हणजे उभा करून ठेवलेला भला मोठा मेदूवडा. त्याच्या भोकात मला आडवं सरकवलं. सगळे बाहेर गेले आणि यंत्रच बोलायला लागलं. हिंदीत, बाईच्या आवाजात. "साँस लीजिए. रोकिए." मी धरला. बऱ्याच वेळाने "छोड़िए." असं तीन वेळा.

बाहेर आलो तर अण्णा बाकावर आडवे. तोंड लालबुंद, कपाळाला घाम. सुनबाई फाईलने वारा घालत होती. नर्स पाण्याचा ग्लास घेऊन उभी. ती मला म्हणाली, "आजोबा, हे कोण तुमचे? दाराला कान लावून उभे होते. आत 'रोकिए' झालं की हेपण श्वास धरायचे. आणि ऐकू कमी येतं वाटतं ह्यांना, 'छोड़िए' कळलंच नाही."

त्यांचे डोळे मिटलेले होते आणि गाल अजून फुगलेले. मी जवळ बसलो. त्यांच्या बरगड्यांवर हात ठेवला.

"अण्णा," मी म्हणालो, "झालं माझं. सोडा."