‘धडाम’चे मालक

व्यवहारात मला कोणी फसवू शकत नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. शोरूममधल्या सेल्समनला मी घाम फोडलेला आहे. आमच्या घरमालकाला भाडं वाढवायचं असलं, की तो आधी मी घरात नाही याची खात्री करून घेतो आणि मग बायकोशी बोलतो. त्यामुळे ‘धडाम’ ही माझी ऑनलाइन खेळांची साइट एका बड्या कंपनीने विकत मागितली, तेव्हा मी वकील वगैरे काही केला नाही. उगाच त्या बिचाऱ्याने माझ्याकडून शिकून जायचं.

धडामचा जन्म आमच्या मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी झाला. दिवसभर मी एका विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारायचो आणि संध्याकाळी तिथे बसून खेळ तयार करायचो. पहिला खेळ अगदी साधा. डोंगराच्या अलीकडे एक रणगाडा, पलीकडे दुसरा. कोन धरायचा, गोळा सोडायचा, धडाम. साइट ज्या कॉम्प्युटरवरून चालायची तो आणि मशीन, दोघांना प्लग एकच. बायकोने कपडे पिळायला लावले की सगळे रणगाडे जागच्या जागी थिजायचे. खेळाडूंनी विचारलं, तेव्हा मी ‘भूकंप’ असं ठोकून दिलं. लोकांना ते इतकं आवडलं, की ज्या दिवशी आमच्याकडे कपडे धुतले जात नसत त्या दिवशी तक्रारी यायच्या.

तो कॉम्प्युटर दिला होता ऑफिसातल्या जाड्याने, म्हणून निम्मी मालकी त्याची. पुढे त्याचा रस आटला. मी त्याचं लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवून दिलं आणि बदल्यात त्याची निम्मी मालकी घेतली. पाठ अजून दुखते, पण व्यवहार चोख झाला.

तर कंपनीच्या बाईंचा फोन आला. आवाज गोड, पण कामाला पक्क्या.

“सगळं पाहिलं आम्ही,” त्या म्हणाल्या. “फक्त साइट तुमच्या नावावर नाहीये.”

“जाड्याने काही केलं का?”

“नाही, दुसरंच नाव आहे.” त्यांनी ते वाचून दाखवलं आणि मी हळूच खुर्चीत बसलो. ते माझ्या सासऱ्यांचं नाव होतं.

झालं होतं असं. साइटचं नाव नोंदवताना पैसे कार्डाने भरायचे होते. माझ्याकडे कार्ड नव्हतं, सासऱ्यांकडे होतं. ते मी मागून घेतलं. पुढे ‘मालकाचं नाव’ असा रकाना आला. मला वाटलं, कार्डाच्या मालकाचं.

“एक सही तर हवी आहे,” मी बायकोला म्हणालो. “आत्ता जातो आणि घेऊन येतो.”

तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. “नाना वाचल्याशिवाय सही करत नाहीत. आपल्या लग्नाच्या पत्रिका त्यांनी छापखान्याला दोनदा परत पाठवल्या होत्या.”

नाना म्हणजे माझे सासरे. सगळा जन्म मुख्याध्यापक म्हणून काढलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून ते खिडकीत बसून रस्ता कुठूनही ओलांडणाऱ्या लोकांकडे नापसंतीने बघत असत. सासूबाई गेल्यानंतर बोलणंही कमी झालं होतं. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं.

“म्हणजे ही वस्तू माझी आहे?” त्यांनी विचारलं.

“कागदोपत्री, नाना. केवळ कागदोपत्री.”

“मग दाखवा तरी. विकण्याआधी पाहू तर द्या.”

मी साइट उघडून दिली. नानांनी रणगाड्यांकडे पाहिलंही नाही. बाजूला खेळाडू एकमेकांशी बोलत होते, ते त्यांनी चष्मा पुसून वाचायला घेतलं. ‘विध्वंसक’ नावाचा कोणी एक समोरच्याच्या खानदानाचा समाचार घेत होता. मला घाम फुटला.

“जावईबापू,” नाना शेवटी म्हणाले, “शिवी एक वेळ मी समजू शकतो. पण एका शिवीत ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका? आणि ही माझी साइट?”

“विकून टाकू ना, नाना. प्रश्नच मिटला.”

“अशा अवस्थेत? आपली वस्तू लोकांना द्यायची ती नीट करून द्यावी. सही नंतर. आधी सूचनाफलक कुठे आहे तो दाखवा.”

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात रजा टाकून मी त्यांच्या घरी जाऊन बसू लागलो. ते सांगत, मी टाइप करी. रात्री नऊला साइट बंद. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला ‘छान खेळलात’ म्हटल्याशिवाय पुढचा डाव नाही. अपशब्द वापरणाऱ्याने ‘मी सभ्य भाषेत बोलेन’ हे वाक्य पन्नास वेळा, शुद्ध लिहायचं. कॉपी करून चिकटवलेलं चालणार नाही, ते ओळखायची सोयही माझ्याकडून करून घेतली. भूकंपाची वेळ आदल्या दिवशी फलकावर लागू लागली, म्हणजे आमच्या घरचे कपडेही नानांच्या वेळापत्रकाने धुतले जायला लागले.

आठवड्यात निम्मे खेळाडू पळाले. तिकडे कंपनी रोज आकडे बघत होती आणि इकडे मी रोज कॅल्क्युलेटर. बाईंना मी फोनवर सांगितलं, “काही तांत्रिक बदल चालू आहेत.” तांत्रिक बदल त्या वेळी धोतर सावरत फलकावर स्वल्पविराम घालायला सांगत होते.

तक्रारींसाठी नानांनी फलकावर आपला नंबरही लावला होता. एका दुपारी फोन वाजला. नानांनी उचलला. समोर विध्वंसक होता. आवाज पन्नाशीच्या माणसाचा होता, आणि रडवेला.

“सर, मी दातांचा डॉक्टर आहे. दोन पेशंटच्या मधे एक डाव खेळतो, तेवढाच विरंगुळा. मला परत घ्या.”

“वाक्यं लिहून झाली?”

“पस्तीस झाली, सर. हात दुखतोय.”

“आत्ता खुर्चीत कोणी आहे?”

“आहे. तोंड उघडं ठेवून बसलेत.”

“मग आधी त्यांचं बघा. उरलेली संध्याकाळी पूर्ण करा. आणि ‘सभ्य’ नीट लिहा.”

डॉक्टरांनी ती पूर्ण केली. इतकंच नाही, तर आपल्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक आईबापाला, त्यांना उत्तर देता येत नसताना, या साइटबद्दल सांगायला सुरुवात केली. नऊला आपोआप बंद होणारी, शिव्या नसलेली खेळांची साइट आहे, हे आईबापांमध्ये वाऱ्यासारखं पसरलं. पळालेल्यांच्या दुप्पट लोक आले. नानांना पत्रं येऊ लागली. ‘मुख्याध्यापक सर’ अशी हाक पुन्हा ऐकू येऊ लागली. सकाळी मी पोचायच्या आत ते इस्त्रीचे कपडे घालून तयार बसलेले असत.

“नाना आज शीळ घालत होते,” बायको एकदा मला दारात म्हणाली. “आई गेल्यापासून पहिल्यांदा.” त्या दिवशी सहीचा कागद मी बॅगेतून बाहेर काढलाच नाही.

शेवटी कंपनीच्या बाई स्वतः आल्या. बोलणी मी करायची असं मी ठरवलं होतं, आणि गाठ माझ्याशी होती. मी सरळ मुद्द्याला हात घातला.

“घाबरू नका. नऊची अट, पन्नास वाक्यं, सगळं मी एका दिवसात काढून देतो.”

“ते काढलं तर आम्ही घेणार नाही,” बाई म्हणाल्या. “आम्ही तेच विकत घेतोय.” आणि त्यांनी आपली खुर्ची माझ्याकडून नानांकडे वळवली.

पुढचा व्यवहार मला बाजूला ठेवून झाला. नानांनी करारातल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या. बाईंनी त्या दुरुस्त करून घेतल्या. नाना साइटचे प्रमुख म्हणून राहणार, पगार कंपनी देणार. विक्रीचे पैसे नानांनी तिथल्या तिथे आपल्या मुलीच्या नावावर करून टाकले. “घर तिनेच चालवलंय,” ते म्हणाले. मग सह्या झाल्या. मालकी माझ्याकडून न जाताच गेली.

बाई कागद गोळा करता करता थांबल्या. “साइटवर आमच्या लोकांची ओळख द्यावी लागते,” त्या नानांना म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “हे काय करतात?”

नानांनी बराच विचार केला. ते खोटं बोलत नाहीत.

“आमचे जावई,” ते म्हणाले. “कॉम्प्युटर ते चालू करून देतात.”

बाईंनी तसंच लिहून घेतलं. खरं तर बंदही मीच करतो. पण चारचौघांत स्वतःची बढाई मारणं माझ्या स्वभावात नाही.