काकाजींच्या डाव्या पंखातला टॉर्च

विमान दुरुस्तीच्या परवान्याची तोंडी परीक्षा आमच्या नागपूरच्या हँगरमध्ये विमानच घेतं. जुनं, दोन पंख्यांचं विमान. सगळे त्याला काकाजी म्हणतात. उमेदवार पास झाला की काकाजी प्रमाणपत्रावर तेलाचा एक थेंब टाकतात. तीच सही.

मी कॉलेज अर्धवट सोडलंय. विषय इतके राहिले होते की नवे घ्यायला जागा नव्हती. तिथले सर आम्हाला लाकडी इंजिन दाखवून म्हणायचे, आवाज तुम्ही मनात धरा. मी धरला नाही, एवढंच माझं बंड. बाकी सगळा आळस. घरी आईनं शेजारपाजारी मी इंजिनिअर झाल्याचं सांगून टाकलं होतं. तिला खोटं पाडायचं नसेल तर हा परवाना हवाच होता.

काकाजी सगळ्यांना एकच प्रश्न विचारतात. माझ्या आधीचे सगळे "उडा" म्हणाले आणि नापास झाले.

परीक्षेच्या आधी मी हत्यारांच्या फळीसमोर उभा राहिलो. प्रत्येक हत्याराच्या आकाराची काळी सावली फळीवर रंगवलेली असते. सावली रिकामी दिसली, तर हत्यार विमानात राहिलं असं समजायचं. एकही सावली रिकामी नव्हती. फक्त टॉर्चला किमतीचं स्टिकर तसंच होतं.

"वैरागडे," काकाजी म्हणाले, "मी उडू का?"

"नाही. तुमच्यात टॉर्च राहिलाय."

"डाव्या पंखात. गडगडतो."

"मग सांगितलं का नाही?"

"परीक्षक उत्तर सांगत नसतो, बाप्पा. पास."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी पास म्हणालं. मी प्रमाणपत्र पुढे धरलं. तेवढ्यात मुख्य अभियंते पोहनकर सर आडवे आले. विमानानं परीक्षा घ्यायचा नियम येण्याआधीच त्यांना परवाना मिळालाय, त्यामुळे त्यांना कधी कुठल्या विमानानं काही विचारलेलं नाही. सही करणारा परीक्षक उडण्यालायक हवा, असं त्यांनी शांतपणे समजावलं. काकाजी उडण्यालायक नसल्याचं मीच आता सांगितलंय, म्हणून ही सही चालणार नाही.

मी म्हटलं, पंख उघडा, टॉर्च काढा.

"कुठला टॉर्च?" सरांनी फळीकडे बोट दाखवलं. "टॉर्च जागेवर आहे. जे हरवलंच नाही ते शोधायला पंख उघडता येत नाही." नवा टॉर्च त्यांनीच सीताबर्डीवरून आणून टांगला होता. त्यात त्यांना काही चुकीचं वाटत नव्हतं. ही पिढी भोकावर कॅलेंडर लावून भिंत दुरुस्त झाली म्हणते.

मी काकाजींना विचारलं, उद्या मी "उडा" म्हटलं तर?

"तर मी उडण्यालायक होईन," ते म्हणाले, "आणि तू नापास."

पोहनकर सरांनी मला खांद्याला धरून बाजूला नेलं. एवढा एक शब्द म्हणून टाक, पुढचं पुढे बघू, असं म्हणाले. चहाही पाजला. शब्द माझ्या ओठांवर आला होता, हे कबूल. मी काही फार सरळ माणूस नाही. पण मग त्या लाकडी इंजिनासारखा टॉर्चचाही आवाज मनात धरावा लागला असता.

आता रोज सकाळी माझी परीक्षा असते. आजही काकाजींनी विचारलं, "उडू का?"

"नाही."

त्यांनी पंख जरा हलवला. आत टॉर्च गडगडला.

"पास," ते म्हणाले.

मी त्यांचे टायर पुसायला घेतले.