निजवलेलं मशीन

त्या खंडेनवमीला क्लासात आम्ही तिघंच होतो: मालक आबा, सुधाकर सर आणि झाडझूड करणारी मी, गिरजा. जळगावात तेव्हा कॉम्प्युटर नवे. सर त्यांच्यासमोर कुणाला शिंकूसुद्धा द्यायचे नाहीत.

सरांचं काम प्रोग्रामातल्या चुका धरायचं. एका मशीनच्या पोटात दुसरं नुसतं मानलेलं मशीन चालवायचे, अन् शेजारच्या कॉम्प्युटरवर त्याच्यावर पाळत ठेवणारा प्रोग्राम बसवायचे. त्याला डीबगर म्हणत. मी डिबूभाऊ म्हणायची.

आबांचा नेम, खंडेनवमीला हत्यार चालवायचं नाही, पुजायचं. म्हणाले, बंद करा. सरांचं तोंड उतरलं. नऊ दिवस पळणारी चूक नुकती कोपऱ्यात गाठली होती. बंद केलं की निसटणार. दसऱ्याला हा प्रोग्राम कापसाच्या जिनिंगवाल्याला दिला नाही तर सरांची नोकरी जाणार.

सरांनी पोटातलं मशीन जागच्या जागी निजवलं. म्हणाले, आज ते काही करत नाही, लावा हळदकुंकू. आबांनी डब्याला हात लावला, म्हणाले, गरम लागतंय.

सर म्हणाले, "निजलेला माणूसबी गरमच राहतो, आबा."

आबांनी फूल वाहिलं.

डिबूभाऊ मात्र त्या निजलेल्याला आहेस का, आहेस का विचारत बसला. उत्तर नाही आलं की हे डीबगर लोक थोड्या वेळात समोरचा गेला समजून दोर सोडतात म्हणे. सरांनी त्याला आधीच बजावलेलं, कितीही वेळ लागो, सोडायचं नाही. मी सरांना विचारलं, मेलं का ते?

"मरेल नई शे, अक्का. निजेल शे. याले ते समजत नई." म्हणजे मेलं नाही, निजलंय; डिबूभाऊला तेवढं कळत नाही.

दसऱ्याला उठवलं, तर त्याच्या घड्याळात कालचीच वेळ. चूकही तिथंच उभी. धरली.

दुपारी धुळ्याच्या एस्टीत सर अन् मी बरोबर होतो. मला बहिणीकडे जायचं होतं. सर आधी त्यांच्या घरी घेऊन गेले. खाटेवर त्यांची माय. लकव्यानं दोन वर्षं शब्द नाही. बाकीच्यांनी तिच्याशी बोलणंच सोडलेलं. सरांनी तिच्या हातात आपट्याचं पान ठेवलं अन् नऊ दिवसांचं बठ्ठं, अगदी सगळं, सांगायला बसले. प्रत्येक गोष्टीनंतर थांबायचे, तिला बोलायला जागा द्यायचे.

मी नवरा पोचवला, पोटची पोर पोचवली, अन् दुसऱ्या दिवशी लोकांची भांडी घासली. पण तिथं काय बोलावं सुचेना. शेवटी म्हटलं, "माय, तुमचा पोरगा चहाचं पार गार पाणी करून पितो."

सर हसले. ती नाही.

वाचणाऱ्यांनो, घरात कुणी असं पडून असेल तर जाता-येता त्यांच्याशी बोला. जरा थांबाही.